चिनी हिवाळा: आधी पाय, मग पातेलं, पुड्या सगळ्यात शेवटी

बीजिंगमधल्या माझ्या पहिल्या नोव्हेंबरात लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटल्या. नाव, गाव, पगार काही न विचारता त्या खाली वाकल्या, माझ्या जीन्स आणि बुटाच्या मध्ये जो दोन बोटं उघडा घोटा दिसत होता त्याला हात लावला आणि म्हणाल्या, "छ्यूखू घातली नाहीस?" छ्यूखू म्हणजे शब्दशः 'शरदातली विजार', पँटच्या आतून घालायची सुती, अंगाबरोबरची लांब विजार. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी लटकलेली, आत नवी कोरी राखाडी छ्यूखू.

या बाईंना मी 'आयी' म्हणते. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी किंवा काकू, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला म्हणतात. उच्चार ऐकून माझी आई फोनवर जरा गप्प झाली होती, ते असो. पुढचे सहा हिवाळे बीजिंगमध्ये आणि नंतरचे दोन शांघायमध्ये काढताना जे शिकले त्यातलं बरंचसं आयीच्या स्वयंपाकघरातलं आहे, थोडं दवाखान्यातलं. शिकायला किंवा नोकरीला पहिल्यांदाच तिकडे निघालेल्या मराठी माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने ते मांडते. आपली बहुतेक माणसं नेमकं उलटं करतात, थेट औषधाच्या दुकानात जाऊन मुळ्या विकत घेतात. मीही घेतल्या होत्या.

सुरुवातीला एक कल्पना डोक्यात बसवा

चिनी वैद्यकात हिवाळ्याचं काम एकच: साठवण. 'हुआंगदी नेइजिंग' हा त्यांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ. त्यात प्रत्येक ऋतूत कसं वागावं ते सांगितलंय. हिवाळ्यासाठी सांगणं असं की लवकर झोपा, उशिरा उठा, उठायला उन्हाची वाट बघा, थंडी टाळा आणि घाम गाळू नका. कणगी भरली की तिचं तोंड लिंपून टाकतात, तसं. वसंतात जे खर्च करायचं ते आत्ता राखायचं.

हिवाळ्याचा अवयव म्हणजे मूत्रपिंड, रंग काळा, चव खारट. पण त्यांचं 'मूत्रपिंड' म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे. कंबर, गुडघे, हाडं, कान, म्हातारपण, धास्ती असं बरंच काही त्या एका शब्दात येतं. वैद्याने "तुमचं मूत्रपिंड कमकुवत आहे" म्हटलं म्हणून क्रिएटिनिन तपासायला धावू नका. आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर या वैद्याच्या भरवशावर राहू नका.

उरलेली निम्मी वैद्यकी मराठी घरात वाढलेल्या माणसाला आधीच येते. पदार्थ थंड की उष्ण, हा हिशेब आपल्याला नवा नाही. आपण "उष्णता झाली, तोंड आलं" म्हणतो, ते म्हणतात "शांगह्वो झालं". शब्दशः 'आग वर चढली', आणि लक्षणंही तीच: तोंड येणं, घसा, पुटकुळ्या, मलावरोध. गंमत अशी की हिशेब तोच असला तरी खातेवही वेगळी आहे. कोकणातल्या घरात खेकडा उष्ण, सर्दीवर कुर्ल्यांचा रस्सा. चीनमध्ये खेकडा पक्का थंड, त्यामुळे सोबत आल्याचे काप आणि कोमट दारू घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तेव्हा आपली यादी तिकडे चालवू नका, दरवेळी विचारा. विचारलेलं आवडतं त्यांना.

पहिली पायरी: तुम्ही रेषेच्या कुठल्या बाजूला?

चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांना जोडणारी एक रेषा धरतात. तिच्या उत्तरेला सरकारी हीटिंग आहे, दक्षिणेला नाही. बीजिंगमध्ये ते 15 नोव्हेंबरला सुरू होतं आणि 15 मार्चला बंद. घरात किमान 18 अंश राखायचे असा नियम आहे, प्रत्यक्षात माझ्या खोलीत मी टी-शर्टमध्ये बसायचे. त्यामुळे उत्तरेचा हिवाळा बाहेर गोठवणारा आणि आत कोरडाठाक असतो. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, रात्री घसा कागदासारखा होतो. शांघायमध्ये पारा शून्याच्या आसपासच असतो, पण थंडी ओली. भिंती गार, गाद्या दमट, घरात कोट घालून जेवायचं. दोन्हीकडचा हिवाळा सारखा समजून एकच उपाय केला तर फसगत होते. उत्तरेत ओलावा देणारं खायचं (पेर म्हणजे नासपती, मध, खाण्याची पांढरी झाडबुरशी), दक्षिणेत ओल घालवणारं (आलं, मिरी, गरम रस्से). बीजिंगमधल्या कोरड्या खोलीत बसून शांघायवाल्यासारखं आल्याचं पाणी दिवसातून चारदा पीत राहिलात तर चौथ्या दिवशी तोंड येईल. मला तिसऱ्याच दिवशी आलं.

तारखा पाहायला त्यांचं चोवीस सौर टप्प्यांचं पंचांग वापरा. युनेस्कोने 2016 मध्ये ते सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हिवाळा 7 नोव्हेंबरच्या आसपास 'लीदोंग'ला सुरू होतो. 21 किंवा 22 डिसेंबरला 'दोंगझी', म्हणजे सगळ्यात मोठी रात्र. तिथून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गठ्ठे मोजायचे, एकूण 81 दिवस. मुलांच्या तोंडी गाणं आहे: पहिल्या-दुसऱ्या नवात हात बाहेर काढू नका, तिसऱ्या-चौथ्या नवात बर्फावरून चाला. तिसरं नव म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा, कडाक्याची थंडी. आयीच्या फ्रिजवर आलुबुखाराच्या फुलांचं एक चित्र असायचं, 81 पाकळ्यांचं. दोंगझीपासून रोज एक पाकळी लाल रंगवायची. सगळं झाड लाल झालं की थंडी संपली.

दुसरी पायरी: झोप, मान, घोटे

इथे पैसे लागत नाहीत, म्हणून लोक ही पायरी गाळतात.

रात्री अकराच्या आत झोपा. सकाळी अंधारात पळायला जाऊ नका. पुण्यात पाच वाजता टेकडी चढणाऱ्यांना हे पटत नाही, पण तिकडच्या बागांमध्ये थंडीत म्हातारी मंडळी ऊन अंगावर आल्यावरच जमतात. त्यांचा व्यायाम बहुधा 'बादुआनजिन'. आठ हालचाली, दहा-बारा मिनिटं, घाम अजिबात नाही. एखाद्या सकाळी मागच्या रांगेत उभं राहून नक्कल करा, कुणी काही बोलत नाही. सगळं जमलं नाही तरी सहावी आणि आठवी शिका. सहावीत दोन्ही हात पाठीवरून, पायांच्या मागच्या बाजूने घासत खाली न्यायचे आणि पावलं धरायची, ही कंबर-मूत्रपिंडांची. आठवीत टाचा उचलून हलकेच खाली आदळायच्या, सात वेळा. लिफ्टची वाट बघतानाही होते ती.

अंगावर काय घालायचं याचा नियम आपल्या आजीचाच आहे. "कानाला वारा लागेल" हे वाक्य चिनीत शब्दाला शब्द सापडेल. वारा मानेच्या मागून शिरतो अशी त्यांची समजूत, त्यामुळे कोट पातळ असला तर चालेल, मफलर हवाच. थंडी मात्र पायातून वर चढते. म्हणून छ्यूखू, तिच्यावर मोजे ओढलेले, घोटा झाकलेला. घाम आला तर बाहेर पडण्याआधी कोरडे कपडे घाला. मेट्रोत कोट काढा, स्टेशनातून बाहेर पडताना परत घाला. रोज चार वेळा काढघाल करायचा कंटाळा येतो, पण घामाने ओलं अंग घेऊन उणे आठमध्ये बाहेर पडल्यावर काय होतं ते कळायला कुठल्याही वैद्यकाची गरज नाही.

तिसरी पायरी: पाय बुडवणं

चीनमधला एकच उपाय करायचा असेल तर हा करा. 'पावज्याओ', म्हणजे पाय भिजवणं.

उंच बादली घ्या. घमेलं किंवा परात नको, पाणी घोट्याच्या वर पोटरीपर्यंत यायला हवं. तिकडे यासाठी लाकडी पिंपं मिळतात, पण प्लास्टिकची साधी बादलीही चालते. पाणी चाळीस अंशांच्या आसपास, कोपर बुडवून "गरम आहे पण सोसतं" वाटलं पाहिजे. जेवणानंतर तासभराने, झोपण्याआधी पाय सोडून बसा. शेजारी थर्मास ठेवा आणि पाणी निवलं की, पाय बाहेर काढून, थोडं गरम पाणी ओता. पंधरा ते वीस मिनिटं. कपाळावर किंवा पाठीवर नुसती ओल जाणवली की थांबा. घाम निथळेपर्यंत बसलात तर साठवणीचा हिशेबच उलटा झाला. मग बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडे करून लगेच मोजे, आणि त्यानंतर फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. आयी पाय पुसताना दोन्ही तळव्यांच्या मधल्या खोलगटात, चवड्याच्या किंचित खाली, अंगठ्याने पन्नासेक वेळा दाबते. तो मूत्रपिंडाच्या वाटेवरचा पहिला बिंदू, 'योंगछ्वान', म्हणजे उसळता झरा.

पाण्यात काय घालायचं? पहिला महिना काहीच नाही. नंतर हवं तर आल्याचे चार काप किंवा मूठभर वाळलेला आयचा पाला (हा दवण्याच्या कुळातला) वेगळा उकळून त्याचं पाणी. बाजारात फुगवलेल्या दराने तीस औषधांच्या पुड्या मिळतात. मला साध्या पाण्यात आणि त्यांच्यात झोपेच्या दृष्टीने काही फरक वाटला नाही.

मधुमेह असेल, पायांना बधिरपणा असेल, तर हे करू नका. पाणी पोळतंय हे कळत नाही आणि जखम भरत नाही. शिरा फुगलेल्या असतील किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारून.

चौथी पायरी: पातेलं

इथे जरा रेंगाळते, कारण चिनी हिवाळा खरा घडतो तो इथेच.

एक म्हण आधी पाठ करा: हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, मग वैद्याचं काय काम? ऐकल्यावर उलटं वाटतं. थंडीत थंड मुळा का? आयीने मला समजावलं ते असं. हिवाळ्यात माणूस बंद खोलीत बसतो, मटण खातो, हीटरपाशी असतो, म्हणजे बाहेरून गार पण आतून तापलेला. मुळा ती आतली आग आणि साचलेलं अन्न खाली ढकलतो. उन्हाळ्यात आपण बाहेरून तापतो पण बर्फाचं पाणी पिऊन पोट गार करून टाकतो, तिथे आलं. पटो न पटो, मटणाच्या रश्श्यात पांढऱ्या मुळ्याचे जाड तुकडे घालायची त्यांची रीत तुम्ही उचलाच. आपला मुळा चालतो, त्यांचा जाडजूड आणि जास्त गोडसर असतो एवढंच. रस्सा हलका होतो आणि दुसऱ्या दिवशी पोटाला जड पडत नाही.

दोंगझीच्या दिवशी उत्तरेत ज्याओझ खातात, म्हणजे उकडलेल्या करंज्याच म्हणा, आत मटण नाहीतर भाजी. नाही खाल्ल्या तर कान गळून पडतात म्हणे. यामागे हनानमधल्या नानयांगच्या चांग चोंगचिंग या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या वैद्याची दंतकथा आहे. गावी परतताना त्याला थंडीने कान फुटलेली गरीब माणसं दिसली. त्याने मटण, मिरची आणि औषधं कणकेच्या पारीत भरून कानाच्या आकाराच्या करंज्या केल्या आणि रश्श्यासकट वाटल्या. गोष्ट गोड आहे, फक्त मिरची त्यात नंतर कुणीतरी टाकली असणार. ती आपल्यासारखीच तिकडेही अमेरिकेतून आली, सोळाव्या शतकात. दक्षिणेत त्याच दिवशी थांगयुआन, तांदळाच्या पिठाचे गोळे. आत काळ्या तिळाचं गोड सारण. चवीला पाण्यातला मोदक समजा.

याच वैद्याच्या ग्रंथात एक रस्सा आहे जो आजही घरोघरी होतो: मटण, आलं आणि 'दांगग्वेइ' नावाचं सुगंधी मूळ. त्याच्या काळच्या वजनात मटण सोळा भाग, आलं पाच, दांगग्वेइ तीन. मुळात तो पोटातल्या थंडीच्या दुखण्यावर आणि बाळंतिणीसाठी सांगितला होता. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळीव, त्यांच्याकडे हा रस्सा. घरगुती प्रमाण जरा सौम्य:

अर्धा किलो मटण घ्या, शक्यतो हाडासकट. गार पाण्यात घालून एक उकळी आणा, फेस आला की ते पाणी टाकून द्या, मटण धुवा. मग तीस ग्रॅम आलं जाड कापून, दहा ग्रॅम दांगग्वेइ आणि दीड-दोन लिटर पाणी. मंद आचेवर दीड-दोन तास. मीठ शेवटी. हळद, गरम मसाला, खोबरं काही नाही. पहिल्यांदा वास औषधी दुकानासारखा येतो, ओव्याची देठं आणि ज्येष्ठमध एकत्र उकळल्यासारखा. तिसऱ्या वाटीला सवय होते. आठवड्यातून एकदा पुरे. पाळी जास्त जात असेल, गरोदर असाल, ताप असेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर दांगग्वेइ वगळा, नुसतं आल्या-मुळ्याचं मटण करा.

शाकाहारी माणसाची तिकडे उपासमार होते हा गैरसमज आहे. निदान हिवाळ्यात तरी नाही. काळ्या रंगाचं खा हा नियम सगळा शाकाहारीच आहे: काळे तीळ, काळी सोयाबीन, काळा तांदूळ, 'मुअर' नावाची काळी झाडबुरशी. काळे तीळ भाजून, कुटून, तांदळाच्या पिठाबरोबर शिजवलेली पेज सकाळी प्या. संक्रांतीच्या महिन्यात दोन देशांनी एकच दाणा निवडलाय. रस्त्यावर गरम वाळूत साखर घालून परतलेले चेस्टनट मिळतात, तेही मूत्रपिंडांसाठी चांगले मानतात. मी मात्र हात गरम ठेवायला घेते. जानेवारीच्या आसपास त्यांच्या बाराव्या महिन्याच्या अष्टमीला लाबाची पेज असते: तांदूळ, राळे, कडधान्यं, खजुरासारखी लाल बोरं, शेंगदाणे, कमळाच्या बिया, सगळं दोन तास शिजवलेलं. बुद्धाला ज्ञानप्राप्ती झाली तो हा दिवस मानतात, म्हणजे सुजाताची खीरच ती. बीजिंगच्या योंगहगोंग मंदिरात त्या पहाटे पेज वाटतात आणि गोठलेल्या अंधारात लांबच लांब रांग लागते. पहाटे उठू नका म्हणणारी तीच मंडळी त्या रांगेत असतात.

कोरड्या खोकल्यासाठी पेर. वरचा भाग टोपीसारखा कापायचा, बिया कोरून काढायच्या, आत खडीसाखर, टोपी परत लावायची आणि वाटीत ठेवून चाळीस मिनिटं वाफवायचं. वाटीत जमणारा रस आधी प्यायचा. हे फक्त कोरड्या खोकल्याला. पांढरा, पातळ कफ आणि अंगात हुडहुडी असेल तर पेर थंड पडतं.

आणि गरम पाणी. सगळीकडे, सगळ्यावर. प्रेयसीचं डोकं दुखलं तरी "गरम पाणी पी" म्हणणाऱ्या चिनी मुलांवर तिकडे विनोद आहेत. पण थर्मास घ्याच.

पाचवी पायरी: सर्दी झालीच तर

पहिला प्रश्न: वाऱ्या-थंडीची की वाऱ्या-उष्णतेची? हुडहुडी जास्त, ताप कमी, घाम नाही, नाकातून पाणी, अंग मोडून आलेलं, ही थंडीची. घसा लाल आणि दुखरा, ताप जास्त, पिवळा शेंबूड, तहान, ही उष्णतेची. थंडीच्या सर्दीला आल्याचे काप, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग मुळांसकट आणि गूळ दहा मिनिटं उकळून प्यायचं आणि पांघरुणात शिरायचं. त्यांच्या जुन्या काढ्यांमध्ये तर स्पष्ट सूचना आहे की काढ्यावर गरम पातळ पेज प्या आणि पांघरूण घ्या, घाम हलका येऊ द्या, धो-धो नको. कोकणातली आजी यापेक्षा वेगळं काही सांगणार नाही. उष्णतेच्या सर्दीला हे सगळं वर्ज्य.

आता दुकानातल्या पुड्यांबद्दल तीन गोष्टी. पहिली, नावावर जाऊ नका. 'गानमाव छिंगर' नावाची अतिशय खपाची दाणेदार पूड आहे, नावाचा अर्थ 'सर्दी, उष्णता घालवणारी', पण ती आहे थंडीच्या सर्दीची. दुसरी, आणि ही खरी महत्त्वाची: 'गानमावलिंग' किंवा 'व्हिटॅमिन सी यिनछ्याव' यांसारख्या, दिसायला निव्वळ वनस्पतींच्या वाटणाऱ्या औषधांत पॅरासिटामॉल असतं. त्यावर तुम्ही गावाहून आणलेली क्रोसिन घेतली तर यकृताला दुप्पट मात्रा. पॅरासिटामॉलला चिनीत 'दुई यी शिएन आन जी फन' म्हणतात. हे मोबाइलमध्ये चिनी अक्षरांत लिहून ठेवा आणि दुकानदाराला दाखवून "यात हे आहे का" एवढं विचारा. तिसरी, 'बानलानगन' (एका मुळीचं औषध) प्रत्येक हॉस्टेलच्या खणात असतं आणि फ्लूची साथ आली की लोक ते प्रतिबंधक म्हणून ढोसतात. त्याने फ्लू टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. फ्लूसाठी लस घ्या, ती तिकडेही मिळते.

तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, छातीत दुखलं तर साधं रुग्णालय. मोठ्या चिनी शहरांत वैद्य आणि डॉक्टर एकाच इमारतीत सापडतात, त्याचा फायदा घ्या.

सर्दी चालू असताना ताकदीचं काही खाऊ नये, हाही नियम. मटणाचा रस्सा, जिनसेंग, सगळं बंद. ते म्हणतात, दार लावून चोराला घरात ठेवणं.

सहावी पायरी: वैद्याकडे

सहा आठवडे वरचं सगळं करूनही हातपाय गार, झोप नाही, सारखी सर्दी, असं असेल तर जा. सरकारी चिनी-वैद्यक रुग्णालयात नंबर लावा, पासपोर्ट न्या. जाण्याआधी जीभ घासू नका, कॉफी किंवा हळदीचं काही खाऊ नका. जीभच बघायची असते त्यांना. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतील. घाम कधी येतो, पाणी गार आवडतं की गरम, शौच कशी होते, पाळी कशी, हे सगळं विचारतील. लाजू नका आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव सांगा.

बहुधा सात दिवसांच्या सात पुड्या मिळतात. शंभर-शंभर खणांच्या कपाटातून वजन करून कागदावर ओततात, तो कार्यक्रम बघण्यासारखा. दुकानातच काढा करून सात दिवसांच्या पाकिटांत भरून देण्याची सोय असते. नवख्याने तीच घ्यावी. मी हौसेने घरी केला आणि तोही आईने दिलेल्या लोखंडी कढईत. काढा शाईसारखा काळा झाला, चव गंजलेल्या खिळ्याची. आयी नाक दाबून आली, सगळं ओतून दिलं आणि स्वतःचं मातीचं भांडं आणलं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. माती, काच किंवा चांगलं स्टील चालतं. पुडी गार पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी औषधाच्या दोन बोटं वर. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आचेवर वीस-तीस मिनिटं. गाळायचं, पुन्हा थोडं पाणी घालून तसंच. दोन्ही काढे एकत्र करून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा, कोमट. पुडीत वेगळी बांधलेली छोटी पुडी असेल तर तिच्यावर 'आधी' किंवा 'नंतर' लिहिलेलं असतं, ते विचारून घ्या.

शांघाय, सूचौ, हांगचौकडे असाल तर 'गावफांग' हा शब्द ऐकू येईल. दोंगझीच्या आसपास सुरू करून वसंतापर्यंत घ्यायचा, तुमच्या प्रकृतीप्रमाणे वीस-तीस किंवा अधिक औषधं आटवून केलेला अवलेह. बघताक्षणी च्यवनप्राश आठवतो. फरक एवढाच की हा डबा एकाच माणसासाठी रांधतात. आधी दोन-तीन आठवडे पोट साफ करायचा काढा देतात, त्याला 'वाट मोकळी करणं' म्हणतात, आणि ते न करता थेट डबा हातात ठेवणारा वैद्य टाळावा. डबा महाग असतो. शिवाय तो घट्ट करायला बहुधा अज्याओ वापरतात, म्हणजे गाढवाच्या कातड्याचं जिलेटिन. त्याच्या मागणीपायी आफ्रिकेतली गाढवं इतकी मारली गेली की 2024 मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यांसाठी होणारी कत्तलच बंद करायचं ठरवलं. शाकाहारी असाल किंवा हे पटत नसेल तर 'सूगाव' मागा, मध किंवा साखरेवर केलेला. मधुमेहींसाठी बिनसाखरेचाही होतो.

हे मात्र नको

'फूझ' म्हणजे बचनागाच्या कुळातलं मूळ. नैऋत्य चीनमध्ये हिवाळ्यात ते मटणाबरोबर तासन् तास शिजवून खायची पद्धत आहे आणि कमी शिजलं की माणसं दगावतात. कुणी प्रेमाने वाढलं तरी नाही म्हणा. 'माहुआंग' या वनस्पतीत एफेड्रिन असतं, त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. 'ग्वानमुथोंग' या वनस्पतीतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं कायमची निकामी होतात. चीनने ते 2003 मध्ये बंद केलं, तरी ऑनलाइन बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत याचं हे एक कारण पुरे. साधं ज्येष्ठमधही रोज काही आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो.

शेवटची पायरी जुलैत येते

हिवाळ्यातला दमा आणि जुनाट खोकला उन्हाळ्यात धरायचा, ही त्यांची आवडती युक्ती. जुलैच्या मध्यापासून 'सानफू' हे सगळ्यात तापलेले दिवस सुरू होतात, ठरलेल्या तीन तारखांना रुग्णालयांत पाठीवर लेप लावतात. लेपात मुख्य म्हणजे पांढरी मोहरी, आल्याच्या रसात कालवलेली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, रुपयाएवढी ठिगळं. मोहरी चटचटते, कुणाला फोड येतात. दमा यामुळे बरा होतो असं मी म्हणणार नाही, आणि इनहेलर बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. पण एका जुलैत माझ्या खोकल्याची कटकट ऐकून आयी मला हाताला धरून घेऊन गेली. बाहेर 38 अंश, आत शंभर माणसं उघड्या पाठीने रांगेत, पंख्याखाली मोहरीचा वास. दोन तास ठेवायचे होते लेप. चाळीस मिनिटांत मला लोणच्याच्या फोडणीत पडल्यासारखं झालं, मी काढून टाकले. आयीने घड्याळ बघितलं, माझ्या पाठीवरच्या लाल वर्तुळांकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पुढचा लेप दहा दिवसांनी."

मग खाली बघून म्हणाली, "आणि ही चप्पल? घोटे उघडे."